न झालेल्या तासाचा हिशेब: उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सादर नमस्कार.

मी कळव्यात राहते आणि नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात आठवड्याला सहा तास व्यवस्थापकीय अर्थशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर, तासाला 800 रुपये. रक्कम कमी आहे हे आपल्याला आधीच बऱ्याच जणांनी सांगितलं असेल. (विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्येच अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला 1500 आणि महिन्याला कमाल 50,000 रुपये ठरवले, एवढं फक्त नोंदवते.) माझं म्हणणं आहे ते न झालेल्या तासाबद्दल.

गेल्या जुलैत एका सकाळी ठाण्याच्या दहा नंबरवरून पनवेल गाडी पकडली. रबाळ्याच्या पुढे ती रखडली. घणसोली येईतो ग्रुपवर निरोप आला, जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केली आहे. निथळती छत्री घेऊन उतरले आणि समोरच्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट बघत बसले. त्या दिवशी माझे दोन तास होते. महिनाअखेरीला बिल दिलं तेव्हा कारकूनबाईंनी त्या तारखेवर लाल रेघ मारली. "मॅडम, मस्टरवर सही नाही ना." सही त्या दिवशी कायम प्राध्यापकांचीही नव्हती. त्यांचा पगार झाला, आणि व्हायलाच हवा.

त्या दोन तासांत मी मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते ते, शिकवणार होते. पाठ्यपुस्तकातली उदाहरणं मुलांना परकी वाटतात, म्हणून उदाहरणाला एसी लोकल घेतली होती. मध्य रेल्वेवरची पहिली एसी लोकल जानेवारी 2020 मध्ये आमच्याच ठाणे-पनवेल मार्गावर धावली. मे 2022 मध्ये एसीचं किमान भाडं 65 वरून 30 रुपयांवर आलं. भाडं निम्म्याहून खाली आलं तर प्रवासी किती पट वाढायला हवेत, म्हणजे रेल्वेचं उत्पन्न घटणार नाही? गणित साधं आहे, पण ते वर्गात रंगेल असं मांडायला माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. बिलाच्या फॉर्मवर संध्याकाळींसाठी रकाना नाही.

याच विषयात मी स्थिर खर्च आणि बदलता खर्च शिकवते. संस्थेच्या वहीत मी बदलता खर्च आहे: तास झाला तर 800, नाही तर शून्य. माझ्या वहीत मात्र रेल्वेचा पास, तयारी, त्या वेळेसाठी नाकारलेली शिकवणी हे सगळं तास व्हायच्या आधीच खर्ची पडलेलं असतं. फी तर संस्थेने आधीच घेतलेली असते. पावसाच्या दिवसाची फी कुणाला परत मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. "मग मॅडम, त्या दिवसाचे पैसे राहतात कुणाकडे?" हे मला शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं. त्याला मी अंतर्गत परीक्षेत पैकीच्या पैकी गुण द्यायला हवे होते.

गेल्या सत्रात पाऊस, निवडणुकीसाठी ताब्यात घेतलेले वर्ग आणि ऐनवेळी बदललेली परीक्षा, यांत माझे 11 तास गेले. 8,800 रुपये. राज्याच्या तिजोरीला ही रक्कम दिसणारही नाही. माझ्या घरी तेवढ्यात दोन महिन्यांचा किराणा येतो.

तासिका नियुक्तीच्या शासन निर्णयात एक ओळ घालावी, एवढीच विनंती. मसुदाही देते: "वेळापत्रकात लावलेला तास शासनाने अथवा संस्थेने रद्द केल्यास तो झाला असे समजून मानधन अदा करावे." अध्यापक स्वतः आला नाही, तर खुशाल कापा.

जूनचं बिल अजून लेखा विभागात अडकलंय. त्याबद्दल वेगळं पत्र लिहीन.

आपली नम्र,
एक तासिका प्राध्यापिका, कळवा