आधी मोजमाप, मग सुटे भाग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घाटात बंद पडलेल्या गाड्यांच्या बातम्या आपल्या दैनिकात पावसाळ्यात आणि सलग सुट्ट्यांत येत असतात आणि जुन्या गाड्या रस्त्यावर असूच नयेत, असा सूर त्यांत हमखास असतो. माझी पेट्रोल गाडी 2003 सालची, वडिलांकडून आलेली आणि दोनदा पुनर्नोंदणी झालेली आहे, तरी त्या सुराशी भांडण्यासाठी हे पत्र नाही. जुनी गाडी वारंवार दम टाकू लागली की तिचा दोष शोधण्याची आपल्याकडची रीत काय आहे आणि ती तशी पडण्यात आपण ग्राहकही किती जबाबदार आहोत, एवढ्यापुरतेच लिहिते.

चिपळूणहून कराडला मला महिन्यातून दोनदा तरी जावे लागते. गेल्या वर्षी पोफळी सोडून कुंभार्ली घाटाला लागले की चौथ्या-पाचव्या वळणावर गाडीची ओढ जाऊ लागली. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग वीसवर यायचा आणि मागे उसाचा नाहीतर वाळूचा ट्रक हॉर्न वाजवत असायचा. बाजूला घेऊन दहा मिनिटे इंजिन बंद ठेवले की गाडी काहीच घडले नसल्यासारखी पुन्हा चढायची आणि पुढे हेळवाकपर्यंत आणखी एकदा तोच प्रकार व्हायचा. सपाट रस्त्यावर, शहरात, गॅरेजच्या दारात मात्र कसलीही तक्रार नसे.

दोन गॅरेजांत मिळून पाच महिन्यांत चारही प्लग, इग्निशन कॉइल, थ्रॉटलचा सेन्सर एवढे बदलून झाले, इंजेक्टर साफ करून झाले आणि सुमारे एकोणीस हजार रुपये गेले. गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लावला तेव्हा दोषाचा एकही कोड आला नाही, म्हणून ‘गाडीत काही नाही, मॅडमना घाटाची सवय नसेल’ असे निदान माझ्या यजमानांना फोनवर कळवण्यात आले. गाडी मी चालवते आणि गेली अठरा वर्षे तोच घाट चढते, हे विचारायचे कोणाला सुचले नाही.

मी पॅथॉलॉजी लॅब चालवते. रिपोर्ट न बघता एकामागून एक औषधे बदलणाऱ्या डॉक्टरांबद्दल आम्ही आपसांत काय बोलतो ते इथे लिहिण्यासारखे नाही. पण गाडीच्या बाबतीत मी स्वतः नेमके तेच पाच महिने चालू दिले.

शेवटी कराडच्या एका वयस्क मेस्त्रींनी बॉनेट उघडण्यापूर्वी मला प्रश्न विचारले. ओढ जाते तेव्हा इंजिनाचा आवाज चढतो की पडतो? आवाज चढून वेग वाढत नसेल तर क्लच घसरतो आहे, इंजिनाचा दोष नाही. झटके बसतात का? तापल्यावर इग्निशन कॉइल ठिणगी देईनाशी होत असेल तर गाडी झटके देते, नुसती मंदावत नाही. थांबल्यावर पूर्ववत होते का? सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला असेल तर दहा मिनिटांच्या विश्रांतीने तो मोकळा होत नाही. माझी उत्तरे ऐकून ते म्हणाले, ‘हिला पेट्रोल पुरत नाहीये, पण मी म्हणतो म्हणून मानू नका.’

त्यांनी पेट्रोलच्या लाइनला तीन तोंडांचा टी जोडून दाबाचा गेज लावला, त्याची नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली, गेज काचेवर वायपरखाली टेप लावून घट्ट बसवला आणि मला गाडी चढाला घ्यायला सांगितले. जागेवर उभ्या गाडीत काटा 2.5 बारवर होता. माझ्या गाडीच्या रचनेत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर तो 3 च्या आसपास चढायला हवा. सुरुवातीला तो चढलाही. मग चढावर सहा-सात मिनिटांत उतरत 2, मग 1.4 झाला आणि त्याच क्षणी गाडी मंदावली. पाच महिने जे मी कोणाला पटवू शकले नव्हते ते काचेपलीकडे काटा दाखवत होता. टाकीतून पेट्रोल पुढे ढकलणारा पंप कमजोर ठरवण्यापूर्वी त्यांनी त्याच्या वायरच्या जोडापाशी व्होल्टेजही मोजले, कारण वायरिंग गंजून वीज कमी मिळाली तरी पंप असाच मंदावतो. तिथे 13 व्होल्टच्या वर मिळत होते. मग मागची सीट उचलून टाकीतला पंप बाहेर काढला. त्याच्या तळाची जाळी चहाच्या चोथ्यासारख्या काळ्या गाळाने माखली होती. चढावर पेट्रोलची ओढ वाढली की गाळ जाळीला चिकटायचा, इंजिन बंद केले की सुटून खाली बसायचा. सपाटीवर लागणारे थोडे पेट्रोल तुंबलेल्या जाळीतूनही येत होते. स्कॅनर गप्प राहिला त्याचेही कारण साधे होते: या गाडीत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नाही. गाळ पेट्रोलमधल्या वाढत्या इथेनॉलने सुटलेला की बावीस वर्षांच्या टाकीचा, या वादात मी पडत नाही. टाकी धुतली, जाळी आणि फिल्टर बदलला. त्या सुट्या भागांना हजार रुपयेही लागले नाहीत.

बिलावर मात्र तपासणीचे आठशे रुपये वेगळे लावलेले पाहून माझ्याही तोंडून ‘नुसत्या बघण्याचे?’ असे निघून गेले, हे कबूल केले पाहिजे. चार हजारांच्या सेन्सरचे पैसे मी मुकाट्याने दिले होते, कारण हातात वस्तू मिळाली होती. निदानाच्या तासाभराचे पैसे द्यायला आपण तयार नसू, तर गॅरेजवाल्याने आपले पोट सुटे भाग विकूनच भरायचे, हे आपणच ठरवून दिले आहे.

माझी सूचना एवढीच आहे. गाडी वारंवार दम टाकत असेल तर ती कोणत्या स्थितीत, किती वेळाने, चढावर की सपाटीवर मंदावते हे ग्राहकाने जॉब कार्डावर लिहून द्यावे. गॅरेजने त्याच स्थितीत गाडी चालवून पेट्रोलचा दाब, व्होल्टेज आणि गरज पडल्यास सायलेन्सरमधला, धुराची वाट तुंबली की वाढणारा उलट दाब मोजावा आणि आकडे त्याच कार्डावर लिहून सही करावी. त्या कामाचे पैसे बिलात उघडपणे वेगळे घ्यावेत. कोणताही भाग बदलण्यापूर्वीचा आणि नंतरचा आकडा समोरासमोर असला की वाद उरत नाही. आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर नव्या गाड्यांच्या ओळखीबरोबर अशा तपासण्यांची माहितीही अधूनमधून द्यावी, अशी विनंती आहे.

दुरुस्तीनंतर गेज पुन्हा वायपरखाली अडकवून आम्ही त्याच चढावर गेलो. सर्वांत वरच्या वळणावर काटा 2.9 वर होता. हे आकडे लिहिलेले कार्ड गाडीच्या कप्प्यात पीयूसीबरोबर ठेवले आहे.

आपली,
एक वाचक, चिपळूण