मोडीतली पत्रं वाचून देणाऱ्या गुरुजींना

आदरणीय गुरुजी,
सा. न. वि. वि.

आजीच्या पेटीतली पत्रं तुम्ही वाचून दिलीत, त्याबद्दल चारचौघांसमोर आभार मानायचे म्हणून हे पत्र. फोनवर आभाराचा विषय निघाला की तुम्ही शेतीपाण्याचं विचारायला लागता, म्हणून लिहूनच टाकते.

पणजोबा यवतमाळच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठकडे ड्रायव्हर होते आणि लग्नानंतर पणजी बरेच दिवस आर्वीला माहेरीच होती, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. पत्रं मोडी लिपीत. सलग ओळ, शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यात शाई फुटलेली. दर दिवाळीला पेटी पुसायची आणि पुन्हा बंद करायची, असंच चाललं होतं. तुम्ही भिंग घेऊन बसलात. जिथे कसरीनं कागद खाल्ला होता तिथे अंदाजानं एक अक्षरही भरलं नाहीत, जागा कोरी सोडलीत. गोडसं वाक्य जोडून दिलं असतंत तरी आम्हाला कुठे कळणार होतं! पण तुम्ही तसं केलं नाहीत, याचं मोल मला फार वाटतं.

सगळ्यात मोठं पत्र वर्ध्याहून यवतमाळला नवी मोटार नेण्याच्या प्रवासाचं. तारखेचा कोपरा गेलाय, पण 1925 च्या आसपासचं असावं. देवळी, भिडी, कळंब हा रस्ता आज आपण गप्पा मारत संपवतो. त्यांना परतीच्या पावसानं देवळीच्या पुढेच गाठलं. आपली काळी माती ओली झाली म्हणजे काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये ती इतकी दाटायची की चाक फिरायचंच थांबायचं. उतरून खुरप्यानं खरवडायचं, थोडं जायचं, पुन्हा उतरायचं. मोटारीच्या आवाजानं एक बैलजोडी बुजली आणि बंडीसकट कुणाच्या तरी पऱ्हाटीत शिरली. पुढे वर्धा नदीच्या पात्रात मोटार वाळूत रुतली, तेव्हा त्याच धुरकऱ्यानं तीच जोडी जुंपून तिला पलीकडे काढलं. चाकाखाली पळसाच्या फांद्या टाकल्या होत्या. दिलेला रुपया त्यानं घेतला नाही, हे पणजोबांनी पत्रात पुन्हा पुन्हा लिहिलंय. त्याचं नाव मात्र कसरीनं नेलं.

एका पानावर तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "इथून अक्षर बदललंय, हाताला काहीतरी झालंय." दोन ओळींनी खुलासा आलाच. थंड इंजिन हँडल मारून सुरू करायचं, त्याआधी स्टिअरिंगखालचा डावा दांडा वर सारायचा, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. घाईत ते राहिलं, हँडलनं उलटा झटका दिला आणि उजवं मनगट सुजलं. कळंबला चिंतामणीच्या देवळाच्या ओवरीत रात्र काढली, तिथे कंदिलाच्या उजेडात त्याच हातानं ते लिहीत होते. काळजी करू नकोस, मोटार चालवायला डावा हात पुरतो, असंही पणजीला लिहिलंय. ते काही खरं नसणार.

आणि तो चढ! यवतमाळच्या अलीकडे मोटार "उलटी चढविली" असं निघालं. आम्ही म्हटलं, शब्द वेगळा असेल. तुम्हीही पुन्हा पुन्हा पाहिलंत आणि तेवढ्यासाठी उन्हातान्हात यवतमाळला जाऊन एका म्हाताऱ्या मेकॅनिकला गाठलंत. पत्रात नुसतं "फोर्ड" आहे, पण 1908 ते 1927 पर्यंत निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टीची पेट्रोलची टाकी, शेवटची एक-दोन वर्षं सोडली तर, पुढच्या सीटखाली असायची आणि पंप नसायचा, पेट्रोल आपल्या वजनानं इंजिनाकडे उतरायचं. खडा चढ लागला की नाक वर, टाकी खाली, आणि इंजिन बंद. म्हणून ड्रायव्हर मोटार वळवायचे आणि रिव्हर्समध्ये चढवायचे. मेकॅनिकनं समजावलेलं तुम्ही आजीला जसंच्या तसं सांगितलंत, तेव्हा ती ताठ बसून ऐकत होती. बाप चढावर हरला नव्हता, हे तिला त्या दिवशी कळलं.

पत्राच्या शेवटी पणजोबांनी पणजीला लिहिलंय, की मोटार शेठची आहे, तीत तुला बसवता येणार नाही. पुलगावपर्यंत तू रेल्वेनं ये, पुढे मी बैलांची रेंगी घेऊन येतो. याच रस्त्यानं नेईन, म्हणजे कुठे काय झालं ते दाखवता येईल. हे वाचताना तुमचाही आवाज जड झाला होता. आजी म्हणाली, "वाचा ना जी पुन्हा," आणि तुम्ही पहिल्या ओळीपासून सगळं पत्र पुन्हा वाचलंत. त्यासाठी तुमची शेवटची एस.टी. गेली. रात्री आमच्या ओसरीवर झोपलात आणि सकाळी म्हणालात, झोप छान लागली.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, धोतरजोडीही परत केलीत. तुमच्या हातचा देवनागरी उतारा आता घरात सगळ्यांकडे आहे. पुण्याच्या भाचीनं तो वाचून आजीला फोन केला आणि दोघी तासभर बोलल्या.

आजीचा निरोप असा, की तूर निघाली की काकूंना घेऊन या. गोवऱ्यांवरचे रोडगे आणि वांग्याची भाजी ती स्वतः करणार आहे. पेटीच्या तळाशी पणजीच्या अक्षरातली दोन पाकिटं आणखी सापडली आहेत. भिंग घेऊन या.

आपली,
देवळीची नात