तिसरा ट्राय तूच मारलास

चि. मनू हिला,
अनेक आशीर्वाद.

हसू नकोस. माझ्या वडिलांची पत्रं अशीच सुरू व्हायची, मला दुसरी रीत माहीत नाही. डॉक्टरांनी दोन दिवस तुझा मोबाईल बंद ठेवलाय आणि तू माझ्याशी बोलणं बंद ठेवलंयस, म्हणून हा कागद. वाचनही थोडंथोडंच करायला सांगितलंय, तेव्हा एका दमात वाचू नकोस. डोकं जड झालं की घडी घालून उशीखाली ठेव. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

तू चिडलीस ते बरोबर आहे. काल रात्री दवाखान्यातून निघताना तू म्हणालीस, "पप्पा, मॅडमना सांगू नका, पुढच्या रविवारी सिलेक्शन आहे," आणि मी म्हणालो, नाही सांगत. आज सकाळी आठच्या आत मी तुमच्या कोच मॅडमना फोन केला. शब्द दिला आणि मोडला, त्याला दुसरं नाव नाही. पण कालच्या रग्बी मॅचमधली काही मिनिटं तुझ्याकडे नाहीतच. ती माझ्याकडे आहेत. ती आधी घे, मग काय बोलायचं ते बोल.

सकाळी आपण मखमलाबाद रस्त्याच्या मैदानावर पोचलो तेव्हा धुकं होतं आणि गवतावर दव. थंडीनं तुम्ही सगळ्या जर्सीच्या बाहीत बोटं ओढून उभ्या होता. मी नेहमीप्रमाणे आधी गोलपोस्टकडे गेलो. तुला त्याची लाज वाटते हे मला माहीत आहे, पण ते इंग्रजी एचसारखे खांब माझ्या हातचे आहेत. दोन खांबांत ५.६ मीटर, आडवा पाईप जमिनीपासून बरोबर ३ मीटरवर. सातपूरच्या आपल्या शेडमध्ये बेस प्लेटसकट जोडले, रेडऑक्साइडचे दोन हात मारले, वर पांढरा रंग. खाली गुंडाळलेल्या फोमच्या गाद्यांच्या दोऱ्या एका बाजूला सैल झाल्या होत्या, त्या आवळल्या. तेवढ्यात फक्की मारणारा मुलगा ओरडला, काका, रेषेवर उभे आहात.

नाशिकरोडची पोरं निळ्यात, तुम्ही पिवळ्यात. सात-सात जणी, सात-सात मिनिटांचे दोन हाफ, मध्ये दोन मिनिटं. पहिल्यांदा हा खेळ बघितला तेव्हा मी तुझ्या आईला म्हणालो होतो, चौदा मिनिटांत काय होतंय, आमची कबड्डी चाळीस मिनिटांची. आता म्हणत नाही. चौदा मिनिटं तसं पळून दाखवा म्हटलं तर मी चौथ्या मिनिटाला आडवा होईन. एक गोष्ट मात्र अजून मनाला पटत नाही: पळायचं पुढे आणि चेंडू टाकायचा मागे. हातातून जरा पुढे सांडला की नॉक-ऑन, चेंडू गेला समोरच्यांना. माझा कबड्डीचा जीव प्रत्येक पासला म्हणतो, अगं पुढे टाक ना!

पहिला हाफ तुला आठवतो, तो सोडून देतो. चेंडू त्यांच्या रेषेपलीकडे टेकवला की ट्राय, पाच गुण, आणि त्यावरची किक बसली की अजून दोन, हे गणित मला आता पाठ झालंय. त्यांचे दोन ट्राय, पैकी एकाची किक बसली, १२. आपले दोन ट्राय, दोन्ही किक बाहेर, १०. दुसऱ्या हाफच्या पहिल्याच मिनिटाला त्यांनी तिसरा मारला, किक गेली बाजूनं. १७-१०.

इथून पुढचं हळू वाच.

त्यांची ती उंच मुलगी, वेणी जर्सीत खोचलेली, चेंडू काखेत घेऊन कडेनं सुटली. मी उभा होतो त्याच बाजूनं, माझ्यापासून पाच पावलांवर. पुढे मैदान मोकळं होतं. तू आडवी आलीस आणि खाली गेलीस, अगदी आमच्या तालमीत दुहेरी पट काढतात तशी, दोन्ही हात तिच्या मांड्यांना. बसलेला टॅकल होता. फक्त डोकं चुकलं. ते तिच्या मागच्या अंगाला असायला हवं होतं, राहिलं पुढच्या अंगाला. तिच्या खुब्याचं हाड तुझ्या कानशिलावर आलं. ठक्. नारळ पायरीवर हलकेच आपटावा तसा आवाज. मनू, तो आवाज बहुतेक मला एकट्यालाच ऐकू आला, कारण त्याच वेळी बाकीचे टाळ्या वाजवत होते. तू ट्राय वाचवला होतास ना.

ती उठली, तू नाही उठलीस. मी मनात मोजलं, एक, दोन, तीन. चारला ओरडलो. काय ओरडलो ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. "ऊठ मनू! काही नाही झालं! ऊठ!"

आणि तू उठलीस. उठून त्यांच्या ओळीत जाऊन उभी राहिलीस, निळ्यांच्या. लोक हसले. मीही हसलो. तुझ्या मैत्रिणीनं दंडाला धरून तुला आपल्या बाजूला आणलं. मॅडम पलीकडच्या कडेला कुणाच्या तरी घोट्याला टेप लावत होत्या, रेफरीचं लक्ष चेंडूवर. म्हणजे तुला पडताना नीट पाहिलं, आवाज ऐकला, चुकीच्या ओळीत जाताना पाहिलं, असा अख्ख्या मैदानात एकच माणूस होता, आणि तो ऊठ म्हणून ओरडत होता.

मग दोनेक मिनिटांनी तो ट्राय. दोन्हीकडच्या पोरी खांद्याला खांदा लावून ढकलतात त्या स्क्रमच्या मागून चेंडू तुझ्याकडे आला, तू डावीकडे पळतेयस असं दाखवलंस आणि डाव्या पायावर जोर देऊन उजवीकडे वळलीस. दोघी तुझ्या डाव्या बाजूला हवेत हात मारत राहिल्या. तिसरीनं जर्सी धरली, ती सुटली. तू सरळ माझ्या खांबांच्या मध्ये जाऊन चेंडू टेकवलास, दोन्ही हातांनी, बाळ पाळण्यात ठेवावं तसा. १७-१५. किक बसली तर बरोबरी. समोरून होती, सोपी. चेंडूनं जमिनीवर टप्पा घेतला, तू पाय मारलास, तो गेला आणि आडव्या पाईपवर आदळून परत तुझ्याच पायाशी आला. माझ्याच पाईपवर! दोन बोटं खाली जोडला असता तर, असं एक क्षण मनात आलं, देवाशपथ.

घड्याळ संपलं, हरलो. तीन ट्राय त्यांचे, तीन आपले, एका किकेचा फरक. तुझ्या दाराच्या मागे २०१९ चं कात्रण चिकटवलंय ना, सिंगापूरला २१-१९ नं हरवलं ते, भारताच्या बायकांच्या पंधराच्या संघाचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय, शेवटी सुमित्रा नायकची पेनल्टी. तेच दोन गुण काल उलटे पडले. मी हे वाक्य तुला मिसळ खाताना ऐकवणार होतो, तयार करून ठेवलं होतं.

पण मिसळ तू खाल्लीच नाहीस. दोन वेळा तर्री मागून घेणारी मुलगी पापड मोडत बसली आणि ताट पुढे सरकवलं. मला वाटलं, हरल्याचं दुःख. उन्हाकडे पाठ करून बसलीस, मला वाटलं, रडतेयस. अशोकस्तंभाजवळ गाडी थांबवायला लावून ओकलीस, तेव्हाही मी हॉटेलवाल्याच्या तेलाला शिव्या घातल्या. तू मागे बसून विचारलंस, "पप्पा, हाफटाइमला किती होते?" सांगितलं. सिग्नलला परत विचारलंस. परत सांगितलं. मग गंगापूर रोडला लागलो आणि तू अगदी साध्या आवाजात म्हणालीस, "आपला तिसरा ट्राय कोणी मारला?"

मला वाटलं थट्टा करतेयस. आरशात पाहिलं. थट्टा नव्हती.

आता माझी एक गोष्ट, जी तुझ्या आईलाही अर्धीच माहीत आहे. कपाटात पितळी मेडल आहे ना, १९९४ चं, पंचवटीतल्या मंडळाच्या स्पर्धेचं. फायनलला त्यांचा शेवटचा गडी चढाईला आला, आम्ही साखळी करून आत घेतला, आणि त्या झटापटीत माझं आणि आमच्या कोपरारक्षकाचं डोकं एकमेकांवर आपटलं. कोणीतरी तोंडावर पाणी मारलं, कोणीतरी पाठीवर थाप मारली, कोणीतरी म्हणालं, ऊठ, काही नाही झालं. मी उठलो. म्हणे शेवटची पकड मीच केली, एकट्यानं, घोट्याची. त्या पकडीचं अजून नाव निघतं. मी मान डोलावतो. मला ती आठवत नाही, मनू. एक क्षणही नाही. पाणी मारलं तिथपासून ते रात्री घरी आईनं दूध दिलं तिथपर्यंत कोरं आहे. एकतीस वर्षं मी लोकांकडून ऐकून ऐकून ती पकड पाठ केलीय. तुझ्या लहानपणी तुला गोधडीवर करून दाखवायचो, ती ऐकीव पकड होती.

म्हणून तुझा प्रश्न ऐकला आणि गाडी घराकडे न नेता दवाखान्यात नेली.

सीटी स्कॅन चांगला आला म्हणून तू खूश झालीस आणि मला वाटलं सुटलो. डॉक्टर म्हणाले, स्कॅनमध्ये रक्तस्राव, फ्रॅक्चर दिसतं. कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, बहुतेक वेळा दिसतच नाही. ते वागण्यात दिसतं: विसरणं, मळमळ, उजेड सहन न होणं, उत्तर उशिरा येणं. बेशुद्ध व्हायला लागतंच असं नाही. आणि डोकं पुरतं सावरायच्या आत दुसरा फटका बसला, तर तो साधासुद्धा जिवावर बेतू शकतो, तुमच्या वयात तर जास्तच. तीन आठवडे तरी अंगाला अंग लावायचं नाही, आणि तेही त्रास पूर्ण थांबला तरच, पायरी पायरीनं. आधी शाळा, मग पळणं, मग चेंडू, टॅकल सगळ्यात शेवटी. हे तू शेजारीच बसून ऐकलंस, आणि बाहेर पडल्या पडल्या म्हणालीस, मॅडमना सांगू नका.

रात्री झोप आली नाही. दर दोन तासांनी तुझ्या खोलीत डोकावत होतो. मधल्या वेळात मोबाईलवर वाचत बसलो. २०११ साली उत्तर आयर्लंडमध्ये शाळेच्या रग्बी मॅचमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाच्या डोक्याला मार बसला. तो उठला, खेळत राहिला, परत मार बसला, परत खेळला. दोन दिवसांनी गेला. त्याची आई मैदानाच्या कडेलाच उभी होती. त्यानंतर फोन उलटा ठेवला आणि सकाळ व्हायची वाट पाहिली.

मॅडम रागावल्या नाहीत, हेही सांगतो. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, मी बघायला हवं होतं. त्यांच्याकडचा नियम सरळ आहे: मुलांच्या मॅचमध्ये डोक्याची शंका आली की बाहेर, त्या दिवशी परत आत नाही, शंका खोटी निघाली तरी चालेल. टीव्हीवर मोठ्या खेळाडूंना तपासून परत पाठवतात तसलं इथे नाही. खेळाडू कितीही "मी ठीक आहे" म्हणाला तरी त्याचं ऐकायचं नाही, कारण ज्यानं ठरवायचं त्याचंच डोकं दुखावलेलं असतं. मी विचारलं, आणि बाप ओरडत असेल तर? त्यावर त्या हसल्या. मी हसलो नाही.

सिलेक्शन गेलं. "पुढच्या वर्षी आहेच" असं मी लिहिणार नाही. सोळाव्या वर्षी पुढचं वर्ष म्हणजे किती लांब असतं ते मला आठवतं. मॅडमनी तुला रविवारी साध्या कपड्यांत ये म्हणून निरोप दिलाय, वह्या धरायला आणि वेळ लावायला. तोवर उजेड, गोंगाट सोसवत असेल तर जा, नाहीतर नको. तुझ्या जागी जिला घेतील तिच्याकडे बघवणार नाही, हेही मला कळतं.

पुढच्या मॅचला मी येणारच. फक्त उभा राहीन तो खांबांच्या मागे, तोंड बंद ठेवून. तिथून मला वेल्डिंगही बघता येतं.

एक राहिलं. नाशिकरोडच्या एका मुलीच्या मामांनी दुसरा हाफ पूर्ण मोबाईलवर घेतलाय. मॅडमकडून मागवून घेतला. मी पाहिला नाही अजून, तो टॅकल त्यातच आहे म्हणून. ट्राय कुठून सुरू होतो ते मिनिट तेवढं आईनं कागदावर लिहून ठेवलंय. मंगळवारी रात्री डॉक्टरांचे दोन दिवस संपतात. बरं वाटत असेल तर तेवढाच भाग आपण बघू, आवाज बंद करून.

दूध ओट्यावर झाकून ठेवलंय. सकाळी आज वार कोणता, असं विचारेन. चिडू नकोस, उत्तर दे.

तुझा,
पप्पा