एक छत, पंधरा मीटर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला छतावरच्या सौरऊर्जेचा लेख वाचला. रात्रीच पत्र लिहायला बसलो होतो, पण घरातून सल्ला मिळाला की झोपून उठून लिहा, भाषा बरी राहील. प्रयत्न करतो.

'पॅनेल बसवा, इन्व्हर्टर लावा, मीटरला जोडा' असं एका दमात लिहून लेखक मोकळे झाले. मीटरला म्हणजे कुठल्या? सोबतच्या फोटोत टुमदार बंगला आहे. त्याला मीटर एक, मालक एक, बिल एक. आमच्या जिन्याखालच्या खोलीत पंधरा मीटर आहेत. चौदा घरांचे आणि एक जिना, पंप, लिफ्टचा. छत मात्र एकच. त्यामुळे 'जोडा' या क्रियापदावर आमच्या तीन सभा झाल्या.

शेवटी सामायिक मीटरला जोडलं, कारण भांडण न होणारा तेवढा एकच मीटर होता. इन्व्हर्टरची, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणाऱ्या यंत्राची, वायर ज्या मीटरच्या आतल्या बाजूला येते, वजावट त्याच बिलात. आता गंमत पाहा. जिन्यातले दिवे रात्री जळतात, पंप सकाळ-संध्याकाळ चालतो, लिफ्ट दुपारी पेंगते. म्हणजे पॅनेल जोरात असतात तेव्हा या मीटरवर भार जवळपास शून्य. मग ती वीज उलटी मीटरमधून बाहेर पडते, हातभर तांब्याची पट्टी ओलांडते आणि शेजारच्या मीटरमधून कुणाच्या तरी फ्रिजमध्ये जाते. तिथे ती विकतची वीज म्हणून मोजली जाते. आमच्याच छतावरची वीज, आमच्याच शेजाऱ्याला, दोन मीटरांमधून, बिलासकट! बाहेर गेलेली युनिटं जमा होतात, पण फक्त जिना-पंपाच्या खात्यावर.

तीही जमा व्हायला दोन्ही दिशा वेगळ्या मोजणारा नेट मीटर लागतो. आमच्या ठेकेदाराने तो येण्याआधीच संच चालू केला. "दोन आठवड्यांत मीटर येतोय, तोवर फुकटची वीज कशाला वाया घालवायची?" दोन आठवड्यांचे तीन महिने झाले. पहिलं बिल वाढून आलं. दुसरं त्याहून मोठं. सभेत मी मान खाली घालून बसलो, कारण हा सोलरचा उद्योग सचिव म्हणून माझाच.

एका कडक उन्हाच्या दुपारी स्टूल घेऊन मीटरच्या खोलीत गेलो. लिफ्ट, पंप, दिवे, सगळं बंद करून आलो होतो. तरी सामायिक मीटरवरचा बारका लाल दिवा लुकलुकत होता. खाली छापलं होतं, १६०० इम्पल्स म्हणजे एक युनिट. इम्पल्स म्हणजे दिव्याची एक लुकलुक. घड्याळ लावून मोजलं. एका मिनिटात १०७ वेळा. हिशोब केला, चार किलोवॅट. वर जाऊन इन्व्हर्टर पाहिला, तिथेही चार किलोवॅट. खाली येऊन सोलरचा एमसीबी, म्हणजे संच तोडणारा खटका, पाडला. दिवा गप्प. पुन्हा उचलला, इन्व्हर्टरने आपली काही मिनिटं घेतली आणि दिवा परत सुरू. म्हणजे आम्ही जितकी वीज बाहेर देत होतो, तितकी आमच्याच नावावर खर्च म्हणून चढत होती. जितकं ऊन कडक, तितकं बिल मोठं!

जुना फिरत्या चकतीचा मीटर असता तर बहुधा उलटा तरी फिरला असता. एका दिशेसाठी बनवलेले बरेचसे इलेक्ट्रॉनिक मीटर मात्र दिशा विचारतच नाहीत. वीज येवो की जावो, बेरीज करतात. तक्रार केली तर उत्तर आलं, 'मीटर तपासला, योग्य आहे.' खरंच योग्य होता. चूक आमचीच, नेट मीटर लागेपर्यंत संच बंद ठेवायला हवा होता. पण हे एक वाक्य कालच्या अख्ख्या पानात कुठे आहे? बंगल्याचा फोटो अर्धा इंच कमी करून ते बसलं असतं.

असल्या इमारतींसाठी वाट नाही असंही नाही. निर्मितीचा एकच मीटर लावायचा आणि युनिटं ठरलेल्या प्रमाणात सगळ्या घरांच्या बिलांत वाटायची, याला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. नियमात सोय असेल तिथे ते होतं. जर्मनीने तर २०१७ मध्ये भाडेकरूंना छतावरची वीज देता यावी म्हणून वेगळा कायदा केला. लेखात यातलं काही नाही. 'वीज गेली तरी चिंता नाही' हे मात्र ठळक अक्षरांत! बॅटरी नसलेला, ग्रिडला म्हणजे वीज कंपनीच्या तारांना जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःहून बंद पडतो. पडायलाच हवा, नाहीतर तारेवर काम करणारा माणूस मरेल. हे मी गेल्या आठवड्यात अंधारात मेणबत्ती धरून चौथ्या मजल्यावरच्या काकूंना समजावलं. आता तुमचा लेख दाखवून त्या मलाच खोटं पाडणार.

जाता जाता आणखी एक. माझं मागचं पत्र आपण छापलंत, आभार. पण जागेअभावी त्यातला नेमका 'नाही' गाळला गेला आणि ज्या ठरावाला माझा विरोध होता, त्याला पाठिंबा दिल्याबद्दल चार जणांनी माझं अभिनंदन केलं. या वेळी कापायचंच असेल तर जर्मनी कापा. लाल दिवा ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक
(आणि पुढच्या सभेपर्यंत सचिव)