आधीची सीडी कुठे आहे?

मा. संपादक,
स. न.

माझे यजमान सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर (माग दुरुस्त करणारे) होते. मेंदूत गाठ निघाली, ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे झपाट्याने वाढणारा मेंदूचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, मग सहा आठवड्यांत 30 वेळा लाइट (रेडिएशन), जोडीला टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या. लाइट संपून पाच आठवडे होताहेत तोच इथल्या एका सेंटरवर एमआरआय काढला. रिपोर्टात ‘गाठ वाढली’. तो वाचणाऱ्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं, आता घरी न्या, काय खायचं ते खाऊ द्या.

आम्ही सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठली. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला सारला. म्हणाले, ऑपरेशननंतरच्या एमआरआयची सीडी कुठे आहे? ती सोलापुरात, माझ्या शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांखाली! धाकटे दीर रात्रीच्या गाडीने घेऊन आले. दोन्ही एमआरआय शेजारी लावल्यावर डॉक्टरांनी समजावलं: लाइटनंतर पहिल्या तीनेक महिन्यांत तिथल्या रक्तवाहिन्या पाझरतात, सूज येते आणि एमआरआयवर ती वाढलेल्या गाठीसारखीच दिसू शकते. सूडोप्रोग्रेशन म्हणतात त्याला. (सासूबाईंना तेलुगूत सांगताना मी ‘भाजल्याचा फोड’ म्हटलं, त्यांना लगेच पटलं.) गोळ्या चालू ठेवल्या. दोन महिन्यांनी परफ्युजनसह (गाठीतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) पुन्हा एमआरआय केला, डाग लहान झाला होता.

पुढे 14 महिन्यांनी गाठ खरंच परतली. या वेळी मी वही घेऊनच बसले. पुन्हा ऑपरेशन? जागा बोलण्याच्या केंद्रापाशी, नको. पुन्हा लाइट? मध्ये बरेच महिने गेलेत, विचार करता येईल, पण त्या भागाला आणखी किती सोसवेल? लोमुस्टिन ही केमोची गोळी सहा आठवड्यांतून एकदा. त्याने रक्तपेशी उतरतात त्या उशिरा, म्हणून रक्त तपासत राहायचं. आणि बेव्हासिझुमॅबचं इंजेक्शन. भावकीतले म्हणत होते, प्लॉट विका पण ते घ्याच. डॉक्टर स्पष्ट बोलले: याने सूज उतरते, स्टेरॉइड कमी करता येतं, पण लोमुस्टिनला जोडून दिलं तरी एकूण आयुष्य वाढल्याचं 2017 च्या मोठ्या अभ्यासात दिसलं नाही. डेक्सा या स्टेरॉइडने यजमानांची साखर चढली होती, मांड्यांतला जोर गेला होता, घराचा जिना चढवत नव्हता. त्या जिन्यापुरते इंजेक्शनचे चार डोस घेतले. प्लॉट विकला नाही. दिवाळीत ते आपल्या पायांनी गच्चीवर गेले. संक्रांतीनंतर गेले.

माझं म्हणणं एवढंच. लाइट कधी संपले हे विचारल्याशिवाय आणि जुन्या सीडीशी ताडल्याशिवाय कुणी ‘वाढली’ असं लिहू नये. डिस्चार्ज कार्डाबरोबर तारीख घातलेली सीडी हातात द्यावी, मागावी लागू नये. मुंबईचे डॉक्टर व्हिडिओवर इथल्या डॉक्टरांशी बोलले, तर झटके येणाऱ्या माणसाला दर खेपेला रात्रभर गाडीत न्यावं लागणार नाही. आम्ही सात खेपा केल्या. त्यातल्या दोनदाच डॉक्टरांनी त्यांना हात लावून तपासलं, बाकी पाच वेळा नुसती सीडी बघितली.

आपली,
गणवेश शिवणारी एक वाचक, सोलापूर
(कृपया नाव छापू नये)