उत्सर्जन घटले, पण कशामुळे?

महोदय,

एखाद्या देशाचे कार्बन उत्सर्जन वाढले वा घटले, की त्याची बातमी टक्केवारीच्या एका आकड्यावर आटोपते आणि त्यामागचे कारण वाचकापर्यंत पोहोचतच नाही. हे खटकते, म्हणून हे पत्र.

जपानी ऊर्जा-अर्थतज्ज्ञ योइची काया यांनी मांडलेले सूत्र येथे उपयोगी पडते. लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नाच्या प्रत्येक एककामागे खर्ची पडणारी ऊर्जा आणि ऊर्जेच्या प्रत्येक एककामागे हवेत जाणारा कार्बन या चार घटकांचा गुणाकार म्हणजे देशाचे उत्सर्जन. यांपैकी कोणता घटक हलला, हे कळल्याशिवाय घट स्वागतार्ह की चिंताजनक, हे ठरवता येत नाही. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर रशियाचे उत्सर्जन झपाट्याने उतरले, ते कारखाने बंद पडून लोकांचे उत्पन्न कोसळल्यामुळे. त्याला हवामान धोरणाचे यश म्हणणे त्या लोकांवर अन्याय करणारे ठरेल.

ब्रिटनची गोष्ट वेगळी आहे. तेथे 1990 मध्ये सुमारे दोन तृतीयांश वीज कोळशापासून तयार होत असे आणि 30 सप्टेंबर 2024 रोजी शेवटचे कोळसा वीज केंद्र बंद झाले. हा बदल एका निर्णयाने घडला नाही. आधी उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायू स्वस्तात मिळू लागला, आणि वायूवरील विजेतून कोळशाच्या साधारण निम्माच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मग गंधकाच्या प्रदूषणावर निर्बंध आल्याने जुनी केंद्रे परवडेनाशी झाली, 2013 पासून वीजनिर्मितीतील कार्बनवर किमान किंमत लागू झाली आणि समुद्रातील पवनचक्क्यांनी उरलेल्या जागेचा मोठा भाग भरून काढला. उलट जपानमध्ये 2011 च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर अणुभट्ट्या थांबल्या, तेव्हा विजेचा वापर कमी होऊनही वीजनिर्मितीतील उत्सर्जन वाढले, कारण ती तूट कोळसा, वायू आणि तेलाने भरून काढावी लागली.

ब्रिटनच्या यशालाही एक बाजू आहे, जी मला अधिक महत्त्वाची वाटते. देशांचे अधिकृत हिशेब आपल्या सीमेच्या आतील उत्सर्जनाचेच असतात. एखादा कारखाना परदेशी गेला आणि तोच माल आयात होऊ लागला, तर कागदावर उत्सर्जन घटते, हवेतील कार्बन मात्र घटत नाही. आंतरराष्ट्रीय विमान व जहाज वाहतुकीचे उत्सर्जनही कोणत्याच देशाच्या बेरजेत धरले जात नाही, त्याची नोंद स्वतंत्रपणे होते.

म्हणून विनंती अशी, की अशा बातमीत त्या वर्षातील अर्थव्यवस्थेची वाढ, एकूण ऊर्जावापर, वीजनिर्मितीतील इंधनांचे वाटे आणि शक्य असेल तेथे आयात मालातील उत्सर्जन हे चारही आकडे द्यावेत. त्यासाठी चार ओळींची चौकट पुरेशी आहे.

आपला,
एक नियमित वाचक