आज्जीला सांगा, मी शिकारीला जात नाही

औलू, फिनलंड
नोव्हेंबरअखेर

तीर्थस्वरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

पहिली गोष्ट आज्जीच्या कानावर घाला. मी पाठवलेल्या फोटोतला चाकू माझा नाही, मी जंगलात कुणाला मारायला जात नाही. मी फक्त चाकूचं म्यान शिवते. तिला वाटलं, पोरगी इंजिनिअरिंग सोडून भलत्याच नादाला लागली. नाद लागलाय हे खरं, पण तो तुमच्याच घरातला, कातडं शिवण्याचा.

तुम्ही फोनवर विचारलंत, कातडं कसलं आणि शिवण कुठली. तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

इथं दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो. मग माणसं नगरपालिकेच्या संध्याकाळच्या वर्गांना जातात. कुणी हातमागावर बसतं, कुणी सुतारकाम शिकतं. चाकू आणि त्याचं म्यान करायचा वर्ग तर गावोगावी असतो. या चाकूला पूक्को म्हणतात. पातं जेमतेम नऊ-दहा सेंटिमीटर, मूठ साधारण तेवढीच, आणि दोन्हींच्या मध्ये आडवी पट्टी नसते. त्यामुळे चाकू अर्ध्याअधिक मुठीसकट म्यानात बुडतो. वरून बटण नाही, बंद नाही. कातड्यानंच मूठ धरून ठेवायची. शिकारी पळाला, वाकला, बर्फात आडवा झाला तरी चाकू पडता कामा नये, आणि हवा तेव्हा एका हातानं निघाला पाहिजे. सगळं कसब त्या पकडीत आहे.

आत लाकडाची खोळ असते, लेस्ता. लाकडाच्या दोन फाका पात्याच्या आकाराला आतून कोरायच्या, एकमेकींना चिकटवायच्या, मग बाहेरून तासायच्या. पात्याचं टोक शिवणीला लागून दोरा तुटू नये, म्हणून ही सोय. आपल्या जुन्या तलवारींची म्यानं अशीच की! कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याच्या म्युझियममध्ये तुम्हीच मला दाखवलं होतं, आत लाकूड आणि वरून कातडं नाहीतर मखमल. एक गंमत सांगते. आपल्याकडे एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात ना, इथं एका म्यानात दोन चाकू ठेवायची जुनी पद्धत आहे. मोठा मागं, धाकटा पुढं, आणि दोघंही सुखात.

आता शिवणीचं. कातडं दोन-अडीच मिलिमीटर जाड, झाडाच्या सालीत कमावलेलंच लागतं. क्रोमच्या क्षारांत कमावलेलं चालत नाही. ते भिजवून कितीही दाबा, वाळलं की ढिलं ते ढिलंच, शिवाय त्यातल्या क्षारांनी पात्याला गंज चढतो. सालीचं कातडं कोमट पाण्यात टाकायचं आणि बुडबुडे थांबले की काढायचं. चाकूला प्लास्टिकची पातळ झिल्ली गुंडाळायची, तो लेस्त्यात बसवायचा आणि त्याच्याच अंगावर ओलं कातडं ओढून मागच्या बाजूनं शिवत जायचं. मेण लावलेला लिननचा दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीनं भोक पाडलं की एक सुई इकडून, दुसरी तिकडून, त्याच भोकातून. ओढ अशी हवी की दोन्ही कडा भिडल्या पाहिजेत, पण दोऱ्यानं ओलं कातडं कापता कामा नये. आमचे मास्तर, सत्तरी उलटलेले, तोंडानं काही सांगत नाहीत. माझा दोरा बोटानं छेडून बघतात आणि मान हलवतात. होकाराची की नकाराची, ते मला अजून कळत नाही.

शिवण झाली की हाडाची गुळगुळीत पट्टी घेऊन दाबत बसायचं. या कामाला मी जीव लावते. लाकूड संपून मूठ सुरू होते तिथं कातडं आत चेपायचं, मुठीच्या फुगीर भागावर घासून घासून चिकटवायचं. कातडं सुकत येतं तसा रंग गडद होतो आणि पट्टीखाली चकाकी येते. नीट जमलं तर वाळल्यावर चाकू आत ढकलताना शेवटी ‘खट्’ असा आवाज होतो. इथं घरोघरी खिडकीखाली रेडिएटर असतात, पण त्यावर म्यान ठेवायचं नाही. कातडं आखडतं आणि काचेसारखं तडकतं. सावलीत, सावकाश. सुकलं की मेण.

खरं सांगायचं तर बरेच शिकारी प्लास्टिकचं म्यान वापरतात. मूस, म्हणजे इथलं मोठं हरीण, सोलताना रक्त आणि चरबी आत जाते. प्लास्टिक नळाखाली धरलं की झालं. कातड्याची तशी गत नाही. शिवाय ओल्या म्यानात चाकू ठेवून दिला तर पातं गंजणार, मुठीच्या पितळी कड्यावर हिरवा थर चढणार. तरीही माप देऊन म्यान करून घेणारे आहेत. माझ्या ऑफिसातला एक जण डावखुरा. दुकानातली म्यानं उजव्या हाताची. त्याच्यासाठी मी लेस्ता आणि कमरेचा लूप दोन्ही उलट्या अंगाला केले. पैसे घेतले नाहीत, तर त्यानं मूसचं मांस आणून दिलं. ऑक्टोबरपासून टोळीनं शिकार करतात, मग वाटे घालतात, त्यातला त्याचा वाटा. मी काकीच्या चटणीत तांबडा रस्सा केला. मटणापेक्षा कोरडं मांस, शिजायला वेळ घेतं, पण रस्सा फक्कड झाला. त्या गड्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी वाटी पुन्हा पुढं केली.

गावात बाजारचौकात गेलं तर कमरेला चाकू दिसणार नाही, हेही आज्जीला सांगा. कारणाशिवाय सार्वजनिक जागी चाकू बाळगायला कायद्यानं बंदी आहे.

आणि काका, हे औलू म्हणजे कातड्याचंच गाव. १८६३ साली ऑस्ट्रॉम बंधूंनी इथं कारखाना काढला, तो वाढून उत्तर युरोपातल्या मोठ्या चर्मोद्योगांपैकी एक झाला. आता तो बंद आहे. पूर्वी खेड्यापाड्यात कातडी विलो झाडाच्या सालीत कमावत, आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा तसंच. मास्तरांना मी माझी कोल्हापुरी दाखवली. त्यांनी तळ वास घेऊन बघितला, वेणी नखानं चाचपली, खिळा कुठं आहे ते शोधलं. खिळा नाही, वादीनं शिवलंय म्हटल्यावर पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलले. म्हणाले, हे शिवणाऱ्याला इकडं घेऊन ये.

तुम्ही येणार नाही, ठाऊक आहे. पण मे महिन्यात मी येतेय तेव्हा एक काम करा. बाभूळ-हिरड्याचं कातडं बघून ठेवा. तळाचं नको, ते जाड आणि ठोकलेलं, वळणार नाही. वरच्या पट्ट्याचं, अडीच मिलिमीटरच्या आतलं, कमावल्यावर तेल न पाजलेलं. तेल असलं की पाणी पीत नाही आणि आकार धरत नाही. एक जुनी रापीही द्या, इथल्या पात्यांनी कड तशी पातळ सोलता येत नाही. कातडं गुंडाळूनच ठेवा, घडी नको. हे तुम्हाला काय सांगायचं म्हणा.

काकीला आणि आज्जीला नमस्कार.

तुमची,
बेबी